पिशवीतली फाईल

(माजिवडा, ठाणे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



निमंत्रणपत्रिकेच्या तळाला एक ओळ मी हट्टाने छापून घेतली होती: ‘येताना घरातल्या औषधांची पिशवी सोबत आणावी.’ त्यावरून तिघांचे फोन आले. भाषण आहे की शिबिर? एकाने तर विचारलं, उरलेल्या गोळ्या परत घेणार का? नाही घेणार. दुकान मुलाच्या हवाली करून चार वर्षं झाली, आणि कापलेली स्ट्रिप मी तेव्हाही परत घेत नव्हतो.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते सुभेदारसाहेब मला ‘शेठ’ म्हणायचे. मी कोकणातल्या प्राथमिक शिक्षकाचा मुलगा, डी.फार्म. झालेला. आमच्या सात पिढ्यांत कोणी शेठ नाही. पण गल्ल्यावर बसला तो शेठ, एवढा सरळ त्यांचा हिशोब.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही. मधुमेहावर बोलायला माझ्यापेक्षा जाणती माणसं या सभागृहातही बसली आहेत. मी बोलणार आहे ते काउंटरवरून जे दिसलं त्यावर. समोर आधी झाडं होती, मग उड्डाणपूल आला, आता मेट्रोचे खांब आलेत. काउंटर मात्र तोच. डॉक्टर स्वतःची चिठ्ठी लिहितो आणि मोकळा होतो. केमिस्टला सगळ्यांच्या चिठ्ठ्या वाचाव्या लागतात. एकाच माणसाच्या चार ठिकाणच्या चार चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवायला मिळतात त्या बहुधा आम्हालाच. ठेवल्या तर.

सुभेदारसाहेब १९६६ साली साताऱ्याकडच्या गावातून भरती झाले. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात घडले, १९७१ची लढाई पाहिली, १९९०ला पेन्शनीवर आले. फौजेतल्या दवाखान्याबद्दल ते भरभरून बोलत. तिथे जवानाची मेडिकल कागदपत्रं त्याच्या मागोमाग पलटणीतून पलटणीत जातात. आज राजस्थानात, उद्या ईशान्येला. एमआय रूममधल्या, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यातल्या, नव्या डॉक्टरने तुम्हाला जन्मात पाहिलेलं नसलं तरी तुमचा १९७४चा मलेरिया त्याला ठाऊक असतो. ‘शेप वन’ म्हणजे मन, कान, हातपाय, शरीर, डोळे सगळं अव्वल. त्यातलं एखादं घसरलं की ‘कॅटेगरी’ झाली आणि तीही कागदावर चढली. मग पेन्शनीच्या वेळी शेवटचा मेडिकल बोर्ड होतो, कागद रेकॉर्ड ऑफिसात जमा होतात. माणूस ट्रंक, वळकटी घेऊन बाहेर पडतो. फाईल आत राहते.

बाहेर आल्यावर त्यांनी ठाणं गाठलं, कारण मेहुणा इथे होता. त्या काळी ठाण्यात कारखाने होते आणि कारखान्यांना गेटवर उभी राहायला फौजेतली माणसं हवी असत. कोलशेत रोडवर एका रसायनाच्या कारखान्यात ते सिक्युरिटीत लागले. वय बेचाळीस. आपल्याकडे माजी सैनिक म्हटलं की पांढऱ्या मिशांचा म्हातारा डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात बहुतेक जवान चाळिशीच्या आसपास बाहेर पडतात आणि दुसरी नोकरी धरतात. साखर त्यांना गाठते ती या दुसऱ्या नोकरीत: रात्रपाळी, बसून राहणं, चहाचे सहा कप, आणि सकाळचं धावणं बंद.

१९९८ला त्यांची साखर सापडली, ती ईएसआयच्या कार्डावर. कामगार विमा, १९४८चा कायदा. वागळे इस्टेटच्या कामगार रुग्णालयात नाव लागलं, गोळी सुरू झाली. त्यांचा विश्वास बसेना. ‘शेठ, मी पाच मैल धावायचो. पोट नाही, काही नाही. मला कसली साखर?’ पुढे त्यांना मी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा तो प्रसिद्ध फोटो दाखवला होता. २००४ साली लॅन्सेटमध्ये आलेला. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन दोघांचंही सारखं, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. हडकुळा दिसणारा मराठी माणूस आतून असा असतो. साहेब फोटोकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘हा गोरा कधीही शेप वन होईल.’

१ एप्रिल २००३ला माजी सैनिकांसाठी ईसीएचएस सुरू झाली. निवृत्त सैनिकाने एकदा वर्गणी भरायची आणि त्याला, त्याच्या बायकोला जन्मभर उपचार मिळायचे. १ जानेवारी १९९६च्या आधी निवृत्त झालेल्यांना वर्गणीही माफ होती, त्यामुळे साहेबांचा फक्त अर्जाचा आणि फोटोचा खर्च झाला. आज देशभर चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत. तिथे डॉक्टर बघतो, औषधं मिळतात, पुढचं काही लागलं तर पॅनेलवरच्या खासगी हॉस्पिटलचं नाहीतर मिलिटरी हॉस्पिटलचं रेफरल मिळतं. मी या योजनेवर टीका करायला उभा नाही. इतकी चांगली योजना या देशात फार थोड्या माणसांच्या वाट्याला आली आहे, हे रोज दुकानात उधारीवर इन्शुलिन मागणारी माणसं बघून सांगतो.

पण एव्हाना साहेबांचे दवाखाने किती झाले ते बघा. नोकरी होती तोवर कामगार रुग्णालय. मग पॉलिक्लिनिक. डोळ्यांच्या पडद्यासाठी कुलाब्याला नौदलाचं अश्विनी. धाकटा मुलगा आयटीत लागला, त्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील आले, म्हणून एक मोठं खासगी हॉस्पिटल. रात्री ताप आला तर माजिवडा गावातले आपले नेहमीचे डॉक्टर. पॉलिक्लिनिकात एखादं औषध नसलं की चिठ्ठीवर ‘एनए’ लागतं, त्यासाठी मी. आणि दर दिवाळीला गावाहून मेहुण्याच्या हस्ते येणारी कारल्या-मेथीची पावडर. हिची तर चिठ्ठीच नसते.

लोक म्हणतात, फुकटात मिळतंय म्हणून म्हातारे सगळीकडे हात मारतात. हे मला मान्य नाही. प्रत्येक उंबऱ्यावर जायला साहेबांकडे चोख कारण होतं. कुलाब्याला जायचं तर पहाटे साडेपाचला रिक्षाने ठाणे स्टेशन, तिथून चौतीस किलोमीटर लोकल, सीएसएमटीला उतरून बस, आणि हे सगळं रक्त द्यायचं म्हणून उपाशीपोटी. एकदा सवयीने सकाळची गोळी घेऊन, काही न खाता निघाले. भायखळ्याला घाम फुटला, हात थरथरायला लागले. डब्यातल्या एका पोराने चिक्की दिली म्हणून निभावलं. असा प्रवास सत्तरीत दर महिन्याला कोण करेल? पॉलिक्लिनिकातून औषधं साधारण महिन्याची मिळतात; मधे मुलीकडे नाशिकला महिनाभर राहायचं ठरलं तर तिथे कोणाकडून तरी घ्यायलाच हवीत. मुलगा म्हणतो मोठ्या हॉस्पिटलात दाखवू, त्याला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या पगाराचा अपमान. माणूस शहाणपणानेच वागतो. गोंधळ होतो तो या सगळ्या शहाणपणांची एकमेकांना ओळख नसल्यामुळे.

आता २०१४च्या पावसाळ्यातली गोष्ट. यात चूक माझी आहे, म्हणून ती नीट सांगतो.

साहेबांना न्यूमोनिया झाला. मुलाच्या मेडिक्लेमवर पाच दिवस एका खासगी हॉस्पिटलात होते. बरे झाले, डिस्चार्ज कार्ड घेऊन थेट माझ्याकडे. त्यावर साखरेची एक नवी गोळी होती, शेवटी ‘एम २’ असं शेपूट असलेली. गर्दी होती, पाऊस होता, मी स्ट्रिप दिली, बिल केलं. घरी पॉलिक्लिनिकची पुडी होतीच. त्यातल्या गोळ्या त्यांनी थांबवल्या नाहीत, कारण थांबवा असं कोणी सांगितलं नव्हतं. फौजेत दोन अधिकाऱ्यांनी दोन हुकूम दिले तर जवान दोन्ही पाळतो.

दहाव्या दिवशी पहाटे काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, शटर वाजवत होत्या. मी दुकानाच्या वरच राहायचो. साहेब पलंगावर बसलेले, बनियन भिजून अंगाला चिकटलेलं, आणि हिंदीत कोणाला तरी दटावत होते: पोस्ट सोडायची नाही. काकूंना ते ओळखेनात. शेजाऱ्यांचं मत पडलं, अर्धांगाचा झटका. एकाने डोक्यावर परिणाम झाल्याचंही जाहीर केलं. मी साखर मोजायचं यंत्र घेऊन गेलो होतो. ४१. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून थोडी थोडी पाजली, ते गिळू शकत होते म्हणून. वीस मिनिटांनी म्हणाले, ‘शेठ, तुम्ही इथे कसे?’ डॉक्टरांनी तरी दवाखान्यात ठेवायला लावलं, आणि बरोबरच होतं ते. या जातीच्या गोळीने साखर उतरली की एकदा वर येऊन पुन्हा उतरू शकते. मूत्रपिंड म्हातारं असलं तर गोळीही अंगात जास्त वेळ रेंगाळते.

घरी आल्यावर ते दुकानात आले. मी दोन्ही स्ट्रिपा काउंटरवर उलट्या ठेवल्या. पुढच्या बाजूला ब्रँडची नावं ठळक, एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. मागे चंदेरी कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत साल्टची, म्हणजे मूळ औषधांची, नावं. साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला, स्ट्रिप नाकाजवळ धरली आणि एकेक अक्षर लावत वाचलं: ग्लिमेपिराइड, दोन मिलिग्रॅम. मग दुसरी: ग्लिमेपिराइड, दोन मिलिग्रॅम, अधिक मेटफॉर्मिन. थोडा वेळ गप्प राहिले.

‘म्हणजे एकच जवान दोन नावांनी हजेरी लावतोय!’

मी विचारलं, साहेब, रागावला नाहीत? ते म्हणाले, संत्री झोपला तर कोर्ट मार्शल असतं. मग हसले. मला काही हसू आलं नाही. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना डिस्चार्ज कार्ड दिसलं नव्हतं, हॉस्पिटलच्या डॉक्टरांना पॉलिक्लिनिकची पुडी दिसली नव्हती. दोघांची बेरीज ज्याच्या टेबलावर होणार होती तो मी, आणि ‘आधी काय चालू आहे?’ हे चार शब्द मी विचारले नाहीत.

अशी जोडनावं पुढे वाढतच गेली. एखाद्या औषधाचं पेटंट संपलं की आपल्याकडे पावसाळी छत्र्या उगवाव्यात तसे ब्रँड उगवतात. २०१९च्या अखेरीस व्हिल्डाग्लिप्टिन, २०२०ला डापाग्लिफ्लोझिन, २०२२च्या जुलैत सिटाग्लिप्टिन, २०२५च्या मार्चमध्ये एम्पाग्लिफ्लोझिन. किमती कोसळल्या, ही आनंदाची गोष्ट; गरिबाला नवी औषधं परवडू लागली. पण एकाच साल्टला डझनांनी नावं मिळाली, त्यांच्या दोन-दोन, तीन-तीनच्या जोडगोळ्या निघाल्या, आणि प्रत्येक दवाखान्याच्या खरेदीत वेगळा ब्रँड. या महिन्यात गोल पांढरी, पुढच्या महिन्यात लांबट गुलाबी. म्हातारा माणूस गोळी रंगावरून ओळखतो. रंग बदलला की त्याच्या लेखी औषध बदललं, आणि जुन्या रंगाच्या उरलेल्या गोळ्या टाकून देणं त्याच्या जिवावर येतं.

इन्शुलिनचं प्रकरण याहून नाजूक. आपल्याकडे कुपीतलं इन्शुलिन बहुधा ४० युनिटचं, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४०. पेनमधल्या काडतुसाचं १००चं. सिरिंजही वेगळ्या: लाल टोपणाची ४०ची, केशरी टोपणाची १००ची. एका दवाखान्यातून कुपी आली, दुसरीकडून पेन. पेन बिघडलं म्हणून घरच्या कोणी काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजने ‘वीस’च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर आत गेले पन्नास. अडीच पट. डॉक्टर दोन्हीकडचे हुशार, औषध दोन्हीकडचं अस्सल, आणि अपघात मधल्या रस्त्यावर. काडतुसातलं इन्शुलिन सिरिंजने काढायचंच नाही, हे मी दुकानात पाटी लावून सांगायचो. पाटी कोणी वाचत नाही म्हणून मग ओरडून सांगायचो.

हे दुखणं आपल्यापुरतंच नाही. अमेरिकेत माजी सैनिकांची स्वतःची प्रचंड रुग्णालय-व्यवस्था आहे, आणि पासष्टी ओलांडली की इतर नागरिकांसारखं मेडिकेअरही मिळतं. दोन्हीकडून औषधपाणी घेणारे मधुमेही तिथे लाखांनी आहेत. साखर मोजायच्या पट्ट्यांवर तिथे एक अभ्यास २०१५ साली छापून आला. ज्यांना दोन्ही दारं खुली होती त्यांच्याकडे पट्ट्यांचे ढीग जमले होते, एकाच दारी जाणाऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त. पट्ट्या जास्त झाल्याने कोणी मरत नाही, पैसे जातात. गोळ्यांचं तसं नसतं. २०१४ साली तिथे प्रतीक्षायाद्यांवरून मोठा गदारोळ झाला आणि माजी सैनिकांना बाहेरच्या डॉक्टरांकडे जायची वाट कायद्याने रुंद केली गेली. रांग कमी करायची तर दारं वाढवावी लागतात, आणि दारं वाढली की चिठ्ठ्या वाढतात. त्यावर त्यांनी एक साधी युक्ती मात्र २०१०मध्येच केली होती. संगणकावर एक निळं बटण दिलं. ते दाबलं की सैनिकाला आपली सगळी वैद्यकीय नोंद उतरवून घेता येते आणि कुठल्याही डॉक्टरपुढे ठेवता येते. थोडक्यात, फाईल त्याच्या हातात दिली.

आणखी एक गोष्ट त्यांच्या सैनिकांनी जगाला शिकवली. १,७९१ माजी सैनिकांवर साखर कडक ठेवण्याचा प्रयोग झाला, २००९ला निष्कर्ष आले: हृदयविकाराचे झटके वगैरे त्याने फारसे टळले नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी दहा हजारांवर लोकांच्या दुसऱ्या एका अभ्यासात कडक उपचाराच्या गटात मृत्यू जास्त दिसले म्हणून तो भाग मधेच थांबवावा लागला. तेव्हापासून वयस्कर, चार आजार असलेल्या माणसाची तीन महिन्यांची सरासरी, ती एचबीए१सी, आठच्या आत असली तरी पुष्कळ, असं मोठमोठी मंडळं सांगतात. आता दोन दवाखान्यांत जाणाऱ्याचं काय होतं? एका डॉक्टरला साडेसात बघून समाधान वाटतं, तो काही बदलत नाही. दुसऱ्याला तोच आकडा खुपतो, तो गोळी वाढवतो. पुढच्या महिन्यात पहिला म्हणतो, कमी का झाली, आणि गोळी काढतो. साहेब याला ‘कदमताल’ म्हणायचे. जागच्या जागी पाय आपटणं.

सरकारी पातळीवर काही चाललेलं नाही असं नाही. २०२१च्या मे महिन्यात सैन्याने सेहत नावाची ऑनलाइन ओपीडी सुरू केली, त्याच वर्षी सप्टेंबरात डिजिटल आरोग्य अभियान आणि चौदा आकडी आभा क्रमांक देशभर आला. २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड. इथे एक खाचखळगा आहे, तो आलेल्या माजी सैनिकांनी कान देऊन ऐकावा: ईसीएचएस असलेल्याला दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. आयुष्मान हे हॉस्पिटलात दाखल होण्यासाठी आहे. रोजची साखरेची गोळी त्यात बसत नाही. मोहल्ल्यातला कोणी कार्यकर्ता अंगठा घ्यायला आला म्हणून देऊन टाकू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आधी विचारा.

आभा क्रमांकावर सगळे कागद एकत्र येतील तेव्हा येतील. साहेबांनी २०१४च्या त्या पहाटेनंतर स्वतःची व्यवस्था लावली. शाळेच्या मुलांची असते तशी लांबट वही घेतली, सुतळी ओवून पिशवीला बांधली, वर लिहिलं: नॉमिनल रोल. पलटणीत प्रत्येक जवानाचं नाव असतं तो तक्ता. त्यात त्यांनी गोळ्या मांडल्या. पहिल्या रकान्यात खरं नाव, म्हणजे साल्ट. दुसऱ्यात ‘टोपणनाव’, म्हणजे ब्रँड. तिथे दर महिन्याला खोडाखोड. मग भरती कधी, कोणी केली, पोस्टिंग कुठे: सकाळी की रात्री. शेवटचा रकाना पेन्शन. मेटफॉर्मिनची भरती १९९८, ईएसआय. ग्लिमेपिराइडसमोर २०१५मध्ये लाल शाईत ‘पेन्शन, सन्मानपूर्वक’. एका कडक पथ्याच्या डॉक्टरने सुरू केलेली कुठलीशी गोळी आठवड्यात बंद झाली, तिच्यापुढे ‘भगोडा’. कारल्याच्या पावडरीचीही नोंद आहे: ‘सिव्हिलियन’.

ती वही बघून डॉक्टर चिडतील असं मला वाटलं होतं. उलट झालं. पॉलिक्लिनिकातल्या एका तरुण डॉक्टरणीने खुर्चीत मागे रेलून ती सगळी वाचली, हसली, आणि दोन नोंदींपुढे सही केली. कुलाब्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याची तारीख त्यातच लिहिली. चिठ्ठी फाटते, हरवते, भिजते. वही पिशवीला बांधलेली होती.

साहेब २०२३ला गेले. पंचाहत्तराव्या वर्षी, झोपेत, साखरेच्या कुठल्या भानगडीशिवाय. तेराव्यानंतर काकू ती पिशवी घेऊन दुकानात आल्या. गोळ्या मी वेगळ्या केल्या. मुदत संपलेली एकही स्ट्रिप नव्हती. एकाच साल्टची दोन पाकिटंही नव्हती. इतकी स्वच्छ पिशवी मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही, माझ्या घरातली धरून. वही काकूंनी परत मागितली. मला वाटलं आठवण म्हणून हवी असेल. त्यांनी ती उलटी करून मागून उघडली. तिथे दुसरा तक्ता होता, त्यांच्या अक्षरात, २०१६पासूनचा. थायरॉइड, रक्तदाब आणि आदल्या वर्षी आलेली साखर. ‘यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण त्यांची पद्धत बरी होती.’

आता मागे दोन टेबलं मांडली आहेत. दुकानातली दोन मुलं बसली आहेत, कोऱ्या वह्या आहेत, सुतळी आहे. गोळी बंद करा किंवा सुरू करा असं ती कोणालाही सांगणार नाहीत. ते तुमच्या डॉक्टरांचं काम. ती फक्त स्ट्रिपांची मागची बाजू वाचून दाखवतील. रांग लावा. पहिला नंबर काकूंचा आहे, त्यांना पुढची बस पकडायची आहे.